लाभ, दोन, तीन… आणि एक्स

गाव सोडलं त्या सकाळी बाबा ओसरीवर बसून आमच्यासाठी ज्वारी मोजत होते. पायली भरायची, वरून हात फिरवून सपाट करायची, पोत्यात ओतायची. लाभ… दोन… तीन… आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. सुरुवात शुभ व्हावी म्हणून. नवऱ्याला पुण्याजवळ कारखान्यात काम लागलं होतं, ऑटो दारात उभा होता, आणि बाबांचं मोजणं काही उरकत नव्हतं. मुद्दामच हळू मोजत असणार. पोत्याचं तोंड शिवून झालं तेव्हा एवढंच म्हणाले, "तिथं कोनी काही इचारलं तं भेऊ नोको. येत नसन तं येत नाही म्हनजो, अन् शिकून घेजो."

भिऊ नको म्हणणं सोपं असतं हो. यवतमाळकडून इकडे आलेल्या तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, पुण्यात पहिली भीती बोलण्याचीच वाटते. दुकानात 'मला'ऐवजी 'मले' म्हणून गेले की आसपासची माणसं वळून बघायची. त्याहून मोठी भीती शिक्षणाची. गावातली शाळा सातवीपर्यंत. मी सातवी पास झाले त्याच वर्षी तालुक्याला जाणारी एसटी बंद झाली, आणि माझी शाळाही तिच्याबरोबरच सुटली. आठवीचं गणिताचं पुस्तक मी कधी उघडलंच नव्हतं.

धायरीत आम्ही खोली घेतली आणि मी जवळच्या बालवाडीत मावशी म्हणून लागले. नाकं पुसायची, डबे उघडून द्यायचे, रडणाऱ्याला कडेवर घ्यायचं. मला ते काम फार आवडतं. पण मला मुलांसमोर उभं राहून शिकवायचं होतं. बालवाडीच्या ताईंनी सांगितलं, आधी दहावी करा, मग शिक्षिकेचा कोर्स करता येईल. कर्वेनगरातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये शाळा सुटलेल्या बायकांसाठी दुपारचा वर्ग चालतो, हेही त्यांनीच सांगितलं.

त्या वर्गाच्या आमच्या बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. पुण्यात दुपारची झोप मोडून कुणी आपल्याला फुकट शिकवतं, हे उपकार लहान नाहीत. पण बाईंची जीभ! बीजगणिताची एक चाचणी त्या घेत. त्यात पास झालं तरच यंदा दहावीला बाहेरून बसवायचं, नाहीतर वर्षभर थांबा. माझं सगळं त्या चाचणीवर अडकलेलं.

आणि मी पहिल्याच आठवड्यात माती खाल्ली. एक्स अधिक पाच बरोबर नऊ, म्हणून एक्स चार. हे मला झटकन आलं आणि असा आनंद झाला की बसमध्ये मी एकटीच हसत होते. दुसऱ्या दिवशी फळ्यावर आलं : दोन एक्स अधिक एक बरोबर अकरा. मी मनात चार घातले, नऊ आले. पुन्हा केलं, तरी नऊच. मग हात वर करून सगळ्यांसमोर सांगितलं, "बाई, पुस्तकात चुकलंय. इथे नऊ पाहिजे."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो, एक्स म्हणजे काय तुमच्या गावचा पोलीस पाटील आहे का? एकदा नेमला की तोच?"

सगळा वर्ग हसला. माझे कान तापले. पण बाबांचं आठवलं आणि मी धीर करून सांगितलं, की आमच्याकडे लाभ म्हणजे एकच. कुणाच्याही खळ्यावर जा, ज्वारी असो की तूर, लाभ बदलत नाही. मला वाटलं एक्सचंही तसंच असेल.

बाई खडू घेऊन माझ्याकडे वळल्या. "म्हणजे आकड्याच्या जागी शब्द ठेवतात हे तुम्हाला आधीपासून येतंय," त्या म्हणाल्या. "तुमचा शब्द बांधलेला आहे. हे अक्षर मोकळं आहे. प्रत्येक गणितात त्याला नव्यानं शोधायचं."

नव्यानं शोधायचं! कुणी खिडकी उघडावी तसं झालं मला. त्यानंतर पोळ्या लाटताना समीकरणं, बसच्या रांगेत समीकरणं. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकला मी पहिल्यांदा दुवा दिला, बसमध्ये तेवढीच दोन गणितं जास्त व्हायची. उत्तर आलं की पुन्हा समीकरणात घालून ताळा पाहायचा. दोन्ही बाजू जुळल्या की पोटात गुदगुल्या व्हायच्या.

चाचणीचा दिवस आला. समीकरणं सुटली. शेवटी असमानता होती : उणे दोन एक्स, सहापेक्षा लहान. उणे दोननं भागलं आणि लिहिलं, एक्स उणे तीनपेक्षा लहान. पेपर देणार, तेवढ्यात सवयीनं ताळा पाहिला. उणे पाच घेतले. उणे दोन गुणिले उणे पाच, दहा. दहा कुठे सहापेक्षा लहान? शून्य घालून पाहिलं, तर शून्य चाललं. एक घातला, तोही चालला. म्हणजे उत्तरं दुसऱ्या बाजूला होती! उणे संख्येनं भागलं की चिन्ह उलटतं, हे बाईंनी किती वेळा घोकून घेतलं होतं. मी चिन्ह फिरवलं, संख्यारेषा काढली, उणे तीनवर पोकळ गोल केला आणि उजवीकडे बाण ओढला.

बाईंनी तिथेच पेपर तपासला. खोडलेल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही चूक आपली आपण पकडलीत?" मी 'हो' म्हणून मान हलवली. "मग सोमवारी दहावीचं पुस्तक घेऊन या. आणि रडायचं असेल तर बाहेर जाऊन रडा, इथे पुढचा वर्ग आहे."

बाहेर आले आणि पायरीवर बसूनच बाबांना फोन लावला. बोलता बोलता सगळं वऱ्हाडीतच आलं. त्यांनी विचारलं, शेवटच्या गणिताचं उत्तर किती आलं?

"बाबा, एक नाही आलं. लय आले."

"अन् सारेच बरोबर?"

"सारेच."

बाबा शाळेत कधी गेलेच नाहीत. ते म्हणाले, "हे काही आपल्याले समजलं नाही, माय. दिवाळीले येशीन तवा मले शिकवजो."

पुण्याला आल्यापासून मी गावाला जायची ती माहेरवाशीण म्हणून. चार दिवस जेवायचं, झोपायचं, निघताना डोळे पुसायचे. आता बालवाडीतला एक जुना फळा ताईंकडून मागून ठेवलाय. माझा पहिला विद्यार्थी तिकडे ओसरीवर वाट बघत बसलाय.