कातळबाई आणि वडाचं रोप

कातळबाई दगड चाटायच्या. टेकडीवर एखादा दगड नजरेत भरला की त्या वाकायच्या, पदरानं तो पुसायच्या आणि खुशाल जीभ लावायच्या. सकाळी फिरायला आलेल्या लोकांची पावलं तिथं आपोआप मंदावायची. एकदा एका आजोबांनी काळजीनं विचारलं, "अहो, बरं वाटत नाहीये का?" बाई म्हणाल्या, "छान वाटतंय. तुम्हाला हवाय?"

त्या विद्यापीठात पर्यावरण शिकवायच्या. मी त्यांच्याकडे संशोधनासाठी गेले तेव्हा पहिल्याच दिवशी, प्रयोगशाळा दाखवायची सोडून, त्या मला वारज्याच्या मागच्या टेकडीवर घेऊन गेल्या. मी खडकीच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली, वडील दारूगोळा कारखान्यात. सांगितल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही आणि सांगितलं की का म्हणून विचारायचं नाही, ही आमच्या घरची शिस्त. माथ्यावरच्या कातळाच्या पोटाखाली, पाऊस पोचत नाही अशा आडोशाला, विटकरी रंगाची एक पट्टी होती. बाई म्हणाल्या, "चाट." मी चाटली. जीभ चिकटली.

"चिकटली ना? म्हणजे ती माती. खालचा लाव्हा थंड झाला, त्यावर माती साचली, मग वरचा लाव्हा आला आणि ती भाजून निघाली. दोन लाव्ह्यांच्या मधे पृथ्वीनं इथं जरा दम खाल्ला होता."

मला अगदी भरून आलं. एवढ्या जुन्या काळाला आपली जीभ लागली म्हणून मी भारावून उभी होते. तेवढ्यात बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "काल तिथंच एक कुत्रं बसलं होतं. छान होतं."

हा प्रसाद बाईंच्या प्रत्येक विद्यार्थ्याला मिळालेला आहे. पुढच्या वर्षीच्या मुलांना तो मिळताना आम्ही मागच्या वर्षीचे विद्यार्थी बाजूला गंभीर चेहऱ्यानं उभे राहायचो. कुत्रं खरंच बसलेलं असायचं की नाही, हे मला आजवर कळलेलं नाही.

कातळबाई हे नाव अर्थात पाठीमागचं. समोर आम्ही आधी मॅडम म्हणायचो, पण ते त्यांना चालायचं नाही. "मॅडम साडीच्या दुकानात म्हणतात. मी बाई आहे, दिसत नाही का?" दगड बदलला की त्यावर राहणारा जीव बदलतो, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. त्याला भूविविधता म्हणतात. बाई सांगायच्या, "जैवविविधता म्हटलं की लोक माना डोलावतात. भूविविधता म्हटलं की विचारतात, प्लॉट केवढा आहे?" एकदा अनुदानाच्या समितीतल्या एका गृहस्थांनी त्यांना चष्म्यावरून बघत विचारलं, "पण या कातळाचा समाजाला उपयोग काय?" बाई गोड आवाजात म्हणाल्या, "काही नाही. आपल्या दोघांसारखाच आहे तो." अनुदान अर्थातच मिळालं नाही. आम्ही ते वर्ष स्वतःच्या पेट्रोलवर काढलं.

पर्यावरणाच्या प्राध्यापक असूनही बाईंचा वृक्षारोपणाला विरोध होता, आणि पुण्यात याहून मोठं पाप नाही. जून उजाडला की शाळांचे, सोसायट्यांचे, बँकांचे फोन सुरू व्हायचे. बाई सगळ्यांना सांगायच्या, "त्या दिवशी मला ताप येणार आहे." झाडांशी त्यांचं वाकडं नव्हतं. रस्त्यावर लावा, अंगणात लावा, नवऱ्याच्या पार्किंगमध्ये लावा म्हणायच्या. पण टेकडीचा उघडा माथा पाहिला की लोकांचे हात शिवशिवतात, त्याला ओसाड म्हणतात आणि तिथं खड्डे खणायला धावतात, याचा त्यांना मनापासून राग यायचा. "तुमच्या घरातली मोकळी जागा दिसली की मी तिथं गोठा बांधते का?"

माथ्यावरचं ते ओसाड काय आहे, हे त्या सांगायच्या नाहीत. दाखवायच्या. त्यासाठी त्यांचा एकच शब्द होता, "बसा." खांद्यावरचं जुनं पोतं अंथरायचं, परकराच्या नाडीत ओवलेलं भिंग गळ्यातून काढायचं आणि बसायचं. "उभ्यानं नुसता व्ह्यू दिसतो," त्या म्हणायच्या. पावसाळ्यात कातळाच्या खोलगट भागात वीतभर पाणी साठायचं. वरून बघितलं तर डबकं. पण बसून नजर ठरली की पाण्यातून काच हलल्यासारखं काहीतरी हलायचं. नखाएवढ्या, आरपार दिसणाऱ्या कोळंब्या, आणि सगळ्या उताण्या. त्या पोहतातच पाठीवर. पाणी आटलं की मरून जातात, अंडी मात्र धुळीत उन्हाळाभर तापत पडतात आणि पुढच्या पावसाळ्यात फुटतात. "आयुष्यभर उलटे पोहणारे आमच्या विद्यापीठातही पुष्कळ आहेत," बाई म्हणायच्या, "पण यांना महागाई भत्ता नाही."

या डबक्यावर नजर होती ती सकाळच्या फिरणाऱ्यांच्या मंडळाची. मंडळाचे सेक्रेटरी साठेकाका, बँकेतून निवृत्त, अंगानं काटक आणि उत्साहानं धोकादायक. त्यांनी एका जूनमध्ये माथ्यावर फक्कीनं खड्ड्यांच्या खुणा केल्या, प्रमुख पाहुणे बोलावले. बाईंना ताप येण्याऐवजी त्या चक्क हजर. पाहुण्यांच्या हातात पहार त्यांनीच दिली. पाहुण्यांनी फोटोसाठी हसत घाव घातला. पहार ठणकन वाजली आणि पाहुण्यांचे खांदे कानापर्यंत गेले. "जरा पलीकडे बघा," बाई म्हणाल्या. पलीकडेही ठणकन. खूण बदलत बदलत पाहुणे घामाघूम झाले, शेवटी चहा घेऊन आणि मनगट चोळत खाली उतरले.

पण साठेकाका हार मानणाऱ्यांतले नव्हते. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी ट्रॅक्टरभर माती मागवली. खणता येत नाही तर वर भर घालू, असा त्यांचा हिशेब. माती पडली की डबकं संपलं, हे मला आणि बाईंना दिसत होतं. बाईंनी डबक्याच्या काठावर पोतं टाकलं आणि भर पावसात छत्री उघडून बसल्या.

"अहो बाई, उठा, आजारी पडाल."

"पडेन. तुम्ही टाका माती. माझ्यावरच टाका आणि वर झाड लावा. खत उत्तम मिळेल."

ट्रॅक्टरवाला म्हणाला, "काका, ह्या बाई काय उठायच्या न्हाईत. मला दुसरी खेप हाय." माती शेवटी कुणाच्या तरी सोसायटीच्या बागेत गेली. जाता जाता साठेकाका म्हणाले, "ही बाई म्हणजे निव्वळ दगड आहे." बाईंनी ते ऐकलं आणि माझ्याकडे वळून समाधानानं म्हणाल्या, "माझं अचूक वर्गीकरण करणारा हा पहिला माणूस."

त्यानंतर दोघांची रोज सकाळी भांडणं व्हायची. पुढे पुढे ती भांडणं चुकली की दोघांनाही करमायचं नाही. मग बाई निवृत्त झाल्या, गुडघे गेले, टेकडी सुटली. मी त्यांना भेटायला जायचे तेव्हा त्या आधी डबक्याची चौकशी करायच्या, मग काकांची, आणि मग माझी. एकदा अंथरुणात पडल्या पडल्या म्हणाल्या, "मी गेले की हे लोक माझ्या नावानं तिथं झाड लावणार. बघच तू."

"काहीतरीच काय, बाई!"

"लावणार. तेव्हा भाषण ठोकू नकोस. भाषणानं सुधारलेला माणूस मी अजून पाहिला नाही. फक्त बसव त्यांना."

आषाढात बाई गेल्या. मी फार रडले, त्याबद्दल इथं लिहीत नाही, बाईंना आवडणार नाही. पंधरवड्यात साठेकाकांचा फोन आला. आवाज जड होता. "अगं, बाईंच्या स्मरणार्थ रविवारी कातळावर वड लावतोय. या वेळी पहार नाही, ब्रेकर सांगितलाय. कातळ फोडूनच लावायचा. बाईंचं काम आहे, कमी पडू द्यायचं नाही."

मी फोन ठेवला आणि हसत सुटले. हसता हसता एकदम ब्रेकर आठवला. पहारीला कातळ पुरून उरला होता. ब्रेकरपुढे त्याचं काय चालणार?

रविवारी माथ्यावर गेले तर सगळं मंडळ पांढऱ्या कपड्यांत जमलेलं. मधे बाईंचा फोटो असलेला फलक, मागे छापलेलं घनदाट जंगल, खाली "वृक्षप्रेमी बाईंना भावपूर्ण आदरांजली". बाजूला ब्रेकर आणि तो चालवणारा. आणि साठेकाकांच्या हातात, बाळाला घ्यावं तसं, वडाचं रोप. त्यांचे डोळे सुजलेले होते. या माणसाला मी काय सांगणार होते? माझ्या ओठांवर आख्खं भाषण आलं होतं, ते मी गिळलं.

"काका," मी म्हटलं, "आधी दोन मिनिटं शांत बसू या. बाईंसाठी. इथंच, पाण्याच्या कडेला."

याला कोण नाही म्हणणार? गुडघे कुरकुरले, कुणी कुणाचा खांदा धरला आणि सगळे डबक्याभोवती बसले. दोन मिनिटं झाली. कुणी उठलं नाही, कारण काका उठले नाहीत. ते पाण्यात बघत होते. मी माझ्या गळ्यातलं, बाईंचं ते नाडीतलं भिंग त्यांच्या हातात दिलं.

"अगं, हे उलटं पोहतंय."

"हो. आयुष्यभर."

काकांनी रोप बाजूला ठेवलं आणि कोपरांवर ओणवे झाले. बाकीच्यांच्याही माना खाली गेल्या. "इथं एक!" "इथं तर पुष्कळ आहेत!" असं चारी बाजूंनी सुरू झालं. बऱ्याच वेळानं काका हळू आवाजात म्हणाले, "त्या दिवशी पावसात बाई बसल्या होत्या त्या यांच्यासाठी?"

"हो."

"मग तेव्हाच सांगायचं नाही का मला?"

"तुम्ही उभे होतात, काका."

काकांनी ब्रेकरवाल्याला बोलावून परत जायला सांगितलं. वडाचं रोप सोसायटीच्या फाटकाशी लावायचं ठरलं. सगळं मार्गी लागलं, पण काका अस्वस्थच. "अगं, पण आपण बाईंसाठी काहीच केलं नाही असं होईल. काहीतरी हवं ना?"

"बाईंची एक पद्धत होती," मी म्हटलं.

मी सगळ्यांना कातळाच्या पोटाखालच्या त्या विटकरी पट्टीशी नेलं, पृथ्वीनं तिथं कसा दम खाल्ला होता ते सांगितलं. मग ते पांढऱ्या कपड्यांतलं आख्खं मंडळ, निवृत्त अधिकारी, मुख्याध्यापिका, एक दातांचे डॉक्टर, सगळे हात टेकून वाकले आणि त्यांनी भक्तिभावानं जीभ लावली. साठेकाकांची लगेच चिकटली. "चिकतली!" ते तशाच जिभेनं म्हणाले आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला.

मी ओढणीनं चष्मा पुसला.

"काल तिथंच एक कुत्रं बसलं होतं," मी म्हटलं. "छान होतं."

एकच गोंधळ उडाला. थू थू झालं, पाण्याच्या बाटल्या शोधल्या गेल्या, दातांचे डॉक्टर तर पार लांब पळाले. काका तेवढे जागचे हलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं, फलकावरच्या फोटोकडे पाहिलं, आणि गदगदून हसायला लागले. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी आधी जीभ पुसली आणि त्याच रुमालानं डोळे.