उचलायची राहिलेली जखमी

जिथं जखमी होऊन पडायला सांगितलं होतं तिथं कडक ऊन होतं, म्हणून मी उठले आणि सावलीत जाऊन जखमी झाले. आयुष्यात पुष्कळ मूर्खपणा केला, पण इतक्या सोयीनं केलेला दुसरा आठवत नाही.

आमच्या मदत-संस्थेची नागपूर शाखा आता मोठी झाली आहे. तिचा इतिहास सांगायला कुणी उभं राहिलं, की आधी दुष्काळ येतो, मग पूर येतो, मग रुग्णवाहिका येते आणि शेवटी चहा. मी पाहिली तेव्हा ती सदर भागातल्या एका दवाखान्यामागची खोली होती. भिंतीला टेकून घोंगड्यांचे गठ्ठे, कोपऱ्यात दुधाच्या पावडरीचे डबे, आणि एक पंखा, तोही डॉक्टरांकडे तोंड करून. बुधवारी जरीपटक्याच्या वस्तीत जाऊन पोरांना दूध वाटायचं, शनिवारी प्रथमोपचाराचा वर्ग. तो घेणारे डॉक्टर निवृत्त होते. वर्गात सारखे म्हणायचे, "हात लावायच्या आधी तोंड उघडा. रुग्णाला म्हणा, घाबरू नका, आम्ही आलो आहोत. मग विचारा, कुठं दुखतं?"

मी साताऱ्याकडून लग्न होऊन आलेली. नवरा मोजणी खात्यात, महिन्यातले बरेच दिवस चांद्याच्या जंगलात. घरी सासूबाई आणि मी. गल्लीत माझं बोलणं ही एक करमणूक होती. मी "मला" म्हटलं की शेजारणी एकमेकींकडे बघायच्या. "मले म्हन ना वं," एक म्हणायची, "जीभ दुखते का?" मला काही उत्तर सुचायचं नाही. आता सुचतात, चांगली झणझणीत सुचतात, पण त्या शेजारणी राहिल्या नाहीत.

तेव्हा शनिवारचा तो वर्ग म्हणजे माझी चैन. तिथं सगळ्या मला "नवीन बाई" म्हणत. वर्ष उलटलं तरी मी नवीनच. नाव कुणी विचारलं नाही आणि आपण होऊन सांगायला मी कोण लागून गेले होते, असं मला वाटायचं. पट्ट्या बांधायच्या सरावाला दोघीदोघींच्या जोड्या लागत. आम्ही बायका संख्येनं विषम होतो. उरायची ती मी. मग मी टेबलाच्या पायाला, मोडलेल्या हाडाला बांधतात तशा, बांबूच्या खपच्या बांधायची. नियम म्हणजे नियम, म्हणून त्यालाही हळूच विचारायची, कुठं दुखतं. बाकीच्या एकमेकींचे हात हातात घेऊन खिदळत, आणि मी सागवानाची विचारपूस करीत बसे. टेबलाचा तो पाय मात्र मी फार सुरेख बांधायची.

ते लढाईचं वर्ष होतं. लढाई थांबली होती, पण खिडक्यांच्या काचांवरचे काळे कागद निघाले नव्हते आणि बचावाच्या तालमी चालूच होत्या. एका शाळेच्या मैदानात आमच्या शाखेची तालीम ठरली. भोंगा वाजणार, बॉम्ब पडल्याचं समजायचं, कॉलेजची मुलं स्ट्रेचर घेऊन धावणार, तंबूत बायका पट्ट्या बांधणार. जखमी व्हायला कोण तयार आहे, असं अध्यक्षबाईंनी विचारलं. त्या एका मोठ्या वकिलांच्या पत्नी. बाकी बहुतेकींना तंबूत पांढऱ्या साडीत मिरवायचं होतं. माझा हात सगळ्यांत आधी वर गेला.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "बघा, नवीन बाईंचा त्याग."

कसला त्याग. मला एकच हवं होतं. कुणीतरी धावत यावं, माझ्याशेजारी गुडघे टेकावेत आणि मला म्हणावं, घाबरू नका, आम्ही आलो आहोत. नवऱ्याच्या पत्रांत जंगल असायचं, वाघाचे ठसे असायचे, हे वाक्य नसायचं. नाटकात का होईना, ते ऐकायला मी उजवा पाय मोडून घ्यायला तयार होते.

तालमीच्या दिवशी डॉक्टरांनी तोंडाकडे न बघताच माझ्या पिंढरीवर आळता ओतला, पदराला "पाय मोडला" अशी चिठ्ठी टाचली आणि सांगितलं, "पाण्याच्या टाकीजवळ पडा. आणि लक्षात ठेवा, पाय मोडलेला माणूस आपण होऊन उठत नाही."

टाकीजवळ पडले. नागपूरचा ऑक्टोबर. खालची फरशी तव्यासारखी, वर डोक्यावर सूर्य. त्यात प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नाही, म्हणून भोंगा लांबलेला. मी जरा वेळ सोसलं, मग मान उचलून पाहिलं. मागच्या भिंतीशी मोडक्या बाकांचा ढीग होता आणि त्याच्या पलीकडे कडुनिंब. मोडक्या पायानं चालत गेले आणि त्या सावलीत नीट, कुणालाही दया येईल अशी, आडवी झाले. थोडा धीर धरला असता तर ऊन कलून टाकीची सावली आपण होऊन माझ्या अंगावर आली असती. पण बावीस वर्षांच्या बाईला ऊन कलतं हे कुठं माहीत असतं.

भोंगा वाजला. धावाधाव ऐकू आली, शिट्ट्या ऐकू आल्या. मी डोळे मिटून चेहरा वेदनेचा केला. पुष्कळ वेळ तो तसाच ठेवला, गाल दुखायला लागले. मग वाटलं, गंभीर जखमींना आधी नेत असतील, माझा नुसता पाय तर मोडलाय. एकदा बारीकसं कण्हून पाहिलं. बाकांच्या आडून एक गाय आली, आळत्याचा पाय तिनं हुंगला आणि मला नापास करून निघून गेली. नंतर टाळ्या झाल्या. भाषण झालं. कपबश्यांचा आवाज आला, बायकांचं हसणं आलं. उठून चार पावलं गेले असते तर मलाही चहा मिळाला असता, हे तेव्हाही कळत होतं. पण आता मी रुसले होते. म्हटलं, मोजतील. एक कमी भरेल. मग येतील शोधत, तेव्हा बघते एकेकाला. काय काय बोलायचं ते मी ठरवूनही ठेवलं.

तंबूचे बांबू ट्रकवर पडल्याचा आवाज झाला आणि ट्रक गेला. बोलायचं ठरवलेलं सगळं तसंच राहिलं. निंबाच्या काड्या पाठीला टोचत होत्या आणि मी अजूनही उजवा पाय हलवत नव्हते.

शेवटी शाळेचा चपराशी आला. "काहून निजल्या बाई इथं? तालीम तं केव्हाचीच आटोपली. मी गेट लावून राहिलो."

"मी जखमी आहे," मी म्हणाले.

त्यानं पायाकडे पाहिलं, चिठ्ठी वाचली. "मंग बाहेर जाऊन पडा ना."

आळत्याच्या पायानं सदरच्या रस्त्यानं चालत घरी गेले. एका टांगेवाल्यानं विचारलं, दवाखान्यात सोडू का. मी नको म्हणाले आणि पुढं गेल्यावर रडले. घराला कुलूप होतं. पायरीवर बसून राहिले. अंधार पडताना सासूबाई कीर्तनाहून आल्या आणि मला पाहून दचकल्या.

"तू बाहेर होती का? मले तं वाटलं, आत निजली आहेस."

म्हणजे मी आत आहे असं समजून त्यांनी बाहेरून कुलूप घातलं होतं. आज हे सांगताना मला हसू आवरत नाही. त्या दिवशी मात्र मी मुकाट्यानं पाय धुतले आणि भात टाकला.

आता शाखेचं तोंड बघायचं नाही, असं ठरवलं आणि पुढच्या शनिवारी सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. दुसरं जायला होतं कुठं? अध्यक्षबाई खुशीत होत्या. "एकूण एक जखमी उचलले. पाहुणेसुद्धा म्हणाले, ती टाकीजवळची बाई तर काय हुबेहूब करत होती."

टाकीजवळची बाई? तेवढ्यात दारात एक सीताफळवाली येऊन उभी राहिली. पन्नाशीची असेल. डोक्यावर पाटी, हातात धुऊन गुंडाळलेली पट्टी.

"हे तुमचं फडकं," ती गुडघा पुढं करून म्हणाली. "टोंगळा बरा हाय आता. बसता येऊन राहिलं."

अध्यक्षबाईंनी तिला ओळखलं. "अहो, याच त्या. तुम्हाला डॉक्टरांनी आणलं होतं ना?"

"मी कशाला आणू?" डॉक्टर म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही आणलीत."

"मले कोनं नाही आनलं जी," सीताफळवालीनं पाटी खाली ठेवली. "रामटेककडून आली होती माल घेऊन. टाकीपाशी सावली पडली होती, म्हटलं घडीभर पाठ टेकवावी. डोळा लागला. उठून पाहतो तं चार पोरं. म्हने, घाबरू नका, आमी आलो. म्या म्हटलं, आले तं आले. पाटी काही सोडली नाही म्या, पोटावर धरली न त्यांनी पाटीसकट उचललं. मंग इचारलं, कुठं दुखते. म्या म्हटलं, टोंगळा दुखते, चार सालापासून दुखते. कोन इचारते, बाई? यांनी तेल चोळलं, पट्टी बांधली, चहा देल्ला, बिस्कुट देल्लं. म्या म्हटलं, लय चांगले लोक हायेत, कोनाच्या लग्नाचे असतीन."

डॉक्टर हसता हसता एकदम थांबले. "मग आमची टाकीजवळची कोण होती? पाय मोडलेली?"

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणी म्हणालं, वर्गाला येतात त्या शिक्षिका असतील. कुणी म्हणालं, छे, त्या तर तंबूत होत्या. खोलीत पंखा फिरत होता आणि मी टेबलाच्या त्या पायाशेजारीच बसलेली. बोलले नसते तर कुणालाही कधी कळलं नसतं.

"मी होते," मी म्हणाले.

"तुम्ही? कुठं होता?"

"बाकांमागं. सावलीत."

मग जे हसू फुटलं ते फुटलं. मीही हसले, हसणं भागच होतं. अध्यक्षबाई डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, हाक नाही का मारायची?" आणि लगेच घोंगड्यांचा विषय निघाला. पुढं मी त्या शाखेत वीसेक वर्षं काम केलं. आम्हाला पक्की इमारत मिळाली, गाडी मिळाली, आणि मला नावही मिळालं. प्रत्येक तालमीनंतर सगळी चहाकडे वळली की मी एकटी मैदानाला चक्कर मारून यायची, भिंतीमागं, बाकांमागं. मुली माझ्या पाठीमागं नकला करायच्या, ते मला ठाऊक होतं.

पण त्या शनिवारी सगळ्या घोंगड्या मोजायला वळल्या तेव्हा सीताफळवाली एकटीच हसत नव्हती. पाटी डोक्यावर घ्यायला तिला हात लागत होता म्हणून मी उठले. पाटी उचलून दिली. ती दारापर्यंत गेली, थांबली, पाटी सावरत माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "मंग तुमाले घरी कोनं नेलं वं, माय?"