दादाच्या शॉवरची फट

दादा, वर एवढा झकास शॉवर लावलास, मग खाली भिंतीला फट का ठेवलीस?

हे मी त्याला विचारलं तेव्हा त्याच्या फोटोला हार होता. आता उत्तर कोण देणार? पण त्या फटीपायी मी आमच्या शिनोली गावात स्वतःचं जे हसं करून घेतलं ना राव, ते ऐकाच!

नववा दिवस. भिंतीच्या अलीकडे बाथरूम, पलीकडे दादाचा दिवा. जमिनीवर पीठ पसरून ठेवलेला. दहाव्यापर्यंत तो विझू द्यायचा नाही, जागेवरून हलवायचाही नाही. आणि सुतकाच्या घरात आंघोळी किती! भावकीतला जो येतो तो शॉवरखाली.

सकाळी वहिनीनं हाक मारली. "भावजी, पीठ वलं झालंय. पाणी दिव्यापातूर आलं तर?"

नऊ दिवस ती त्या दिव्यापासून हलली नव्हती. तिचे डोळे बघितले आणि गाडीला किक मारली, ती थेट घोडेगावच्या हार्डवेअरच्या दुकानात.

दुकानदार म्हणाला, "ही सिलिकॉनची नळी घे, फट बुजवायला. आधी फट कोरडी कर. मग एका दमात वढ, मधी थांबू नको. आन एक दिवस पाणी लागू देऊ नको."

"उद्या सकाळी तर अख्खी भावकी आंघोळीला!"

"मग हितं काय करतो? पळ की!"

पळालो. कुणी बादली घेऊन घुसू नये म्हणून आतून कडी लावली. फट पुसली. आतला बल्ब गेलेला, म्हणून मोबाईलची बॅटरी लावून मोबाईल दातांत धरला आणि गुडघ्यांवर बसून नळी दाबली. त्या सिलिकॉनचा वास काय सांगू! नाकात झिणझिण्या, डोळ्यांत पाणी. सगळंच पाणी वासानं नव्हतं, पण ते सोडा.

दारावर थाप. आमचे चुलते, तात्या. "बाळू, काय करतोय रं आत?"

मधे थांबायचं नाही! मी म्हणालो, "ऊं... ऊं..."

"ह्यो कसला वास येतोय? बाळू!"

"ऊंऽऽ!"

आता तुम्हीच सांगा. नुकताच भाऊ गेलेला पोरगा, आतून कडी, उग्र वास आणि कण्हणं. बाहेरच्यांनी काय समजावं?

"पळा रं! पोरानं फवारणीचं औषध पिलं!"

वहिनी दिवा सोडून धावली. "भावजी, दार उघडा! तुमी बी चालला व्हय मला सोडून?"

पण वीतभर फट राहिली होती! उठावं की ओढावं? मी ओढलं.

तिसऱ्या लाथेला दार बिजागऱ्यांसकट आत आलं. तात्यांनी मानगूट धरून मला अंगणात नेलं, कुणीतरी तोंडात मिठाचं पाणी ओतलं.

"आवं, सिलिकॉन..."

"आधी वक! मग बोल!"

ओकलो. करतो काय? मग तात्यांनी नळी उन्हात धरली. "ह्ये काय?"

"फट बुजवायचं."

कुणीच हसलं नाही. वहिनीनं फाडकन माझ्या थोबाडीत दिली आणि आत पळाली. दिवा तेवत होता.

दहाव्याच्या सकाळी घाटावर निघायच्या आधी सगळ्यांच्या आंघोळी झाल्या. पलीकडे एक थेंब गेला नाही. पण बारीकशी फट बुजवताना मी दाराएवढं भगदाड पाडलं होतं, त्याचं काय? त्या चौकटीत बाहेर तोंड करून, दोन्ही हात डोक्यावर नेऊन मी सोलापुरी चादर ताणून धरली. दादाच्या नावानं आलेल्या शेवटच्या माणसाची आंघोळ होईपर्यंत धरली. आणि मागून, शॉवरखालून तात्या ओरडत होते, "वर धर की रं बाळ्या, सगळं दिसतंय!"