ब्राउझर निवडताना घरातला माणूस राहूनच गेला

कोणता ब्राउझर सुरक्षित? घरातली पहिली पदवीधर म्हणून सगळे मलाच विचारतात. आज मला उत्तर देता येत नाही.

हरियाणातल्या मानेसरच्या आमच्या कारखान्यातल्या एका दीदीला मीच तीन ब्राउझर तपासून एक निवडून दिला होता. मोबाइलवर शोधलेलं घरच्या कॉम्प्युटरवरही दिसावं, ही सोयही मीच चालू केली.

काल तिने मोबाइलवर महिला हेल्पलाइन शोधली. नवऱ्याला ते कॉम्प्युटरवर दिसलं. त्याने तिला पट्ट्याने फोडून काढलं. आज ती कंपनीच्या बसमध्ये चढली, तेव्हा ओठ फाटला होता, एक डोळा उघडत नव्हता.

मी म्हणाले, “दीदी, गलती मेरी है.”

“पगली, मारा तो उसने है. थाने चलेगी?”

हॅकर, व्हायरस, सगळं मी तपासलं. घरातला माणूस सुचलाच नाही. तुम्हाला सुचला असता?

आम्ही पुढच्याच थांब्यावर उतरून पोलीस ठाण्यात गेलो. तिच्या तक्रारीखाली साक्षीदार म्हणून मी माझं नाव-पत्ता लिहून आलेय.