लसीआधीचं गाऱ्हाणं

मंडळी, आज दुपारी फ्लूची लस घेतली!

मला ल्युपस आहे. माझी प्रतिकारशक्ती माझ्याच सांध्यांवर उलटते. लसीने आजार उसळला तर, ही धास्ती होती. ‘आजार शांत आहे, आत्ताच घे,’ असं माझ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी रत्नागिरीच्या दवाखान्यात मी सिस्टरना तेच तेच विचारत बसले.

“बाय, एकदा घरी तरी बोलून घे,” त्या वैतागून म्हणाल्या.

नाइलाजाने बाबांना फोन लावला. “स्पीकर लाव,” म्हणाले आणि देवळात घालतात तसं गाऱ्हाणंच सुरू केलं. “बा देवा म्हाराजा, पोरगी माझी शहाणी, पण सुईला भिते. ही लस तिच्या बाजूने लढू दे रे म्हाराजा!”

मग ते सवयीने थांबले.

“व्हय म्हाराजा!” सिस्टरच ओरडल्या. मी हसले, तेवढ्यात सुई टोचूनही झाली.

लहानपणी लसीला निघताना बाबा ओटीवर असंच गाऱ्हाणं घालायचे. तेव्हा आई, काका, आत्या एका सुरात ‘व्हय’ म्हणायचे. आता आई नाही, काका-आत्या मुंबईला. बाबा मात्र अजून थांबतात.

दंड दुखतोय. सांध्यांचं एक-दोन दिवसांत कळेल. तोवर तुम्हीही एकदा ‘व्हय म्हाराजा’ म्हणाल? बाबांना वाचून दाखवीन.