सुनेचं कागदावरचं नाव

“रेखा? रेखा तर माझी लेक हाये,” गयाबाई म्हणाल्या. “घर तिला न्हाई द्यायचं, वकीलबाई. सुमनला द्यायचं हाये. माझ्या सुनेला.”

मी झेरॉक्स पुन्हा पाहिली. आधार कार्ड सुनेचंच होतं. फोटो तिचा, पत्ता वडीगोद्रीचा. नाव मात्र रेखा.

मी अंबडला वकिली करते. मृत्युपत्रं, वाटण्या, वारस नोंदी, असली कामं. मृत्युपत्र करायला कोणी आलं की मी त्यांना आणायच्या कागदांची यादी देते आणि एकेक कागदावर टिक करत जाते. गयाबाईंच्या सगळ्या टिक झाल्या होत्या. सुनेचं आधार कार्ड शेवटचं.

गयाबाईंना वाचता येत नव्हतं. नाव मीच वाचून दाखवलं होतं. मग त्यांना आठवलं.

“म्याच बदललं व्हतं लग्नात. लेक रेखा, आन् आणली ती सून बी रेखा. एका घरात दोघींना एकच हाक कशी मारायची? मंग सुमन ठेवलं.”

लग्नात नवरीचं नाव बदलायची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. घरात नवं नाव चालतं. पण आधार आणि बँक खातं बहुतेक वेळा शाळेच्या दाखल्यावरून होतं, तिथे जुनंच राहतं. मृत्युपत्रात ‘सुमन’ लिहिलं असतं तर कागदोपत्री अशी बाईच नव्हती. नुसतं ‘रेखा’ लिहिलं असतं तर लोकांनी लेक समजली असती.

आणि लेक म्हटल्यावर सुनेला काहीच उरत नव्हतं. हे लोकांना पटत नाही, म्हणून सांगते. मुलगा आधी वारला असेल तर त्याची विधवा सासऱ्याच्या मिळकतीत वारस असते. सासूच्या मिळकतीत तसं नाही. गयाबाईंचा मुलगा भगवान वारलेला, त्याला मूलबाळ नाही, त्यांचा नवराही आधीच गेलेला. मृत्युपत्र नसतं तर सगळं लेकीला गेलं असतं.

सगळं म्हणजे हायवेला लागून दोन खोल्या आणि पुढे चहा-भज्यांचं हॉटेल. गयाबाईंनी भजी तळून ती जागा स्वतःच्या नावावर घेतली होती. आता कढईपाशी सुमन उभी राहायची. ते घर गेलं तर तिचं छत आणि पोट एकदमच जाणार होतं.

नावाची अडचण सोपी होती. दोन्ही नावं लिहायची, नवऱ्याचं नाव लिहायचं, फोटो लावायचा. अवघड दुसरंच होतं. गयाबाई डोळे तपासायच्या निमित्ताने गुपचूप आल्या होत्या.

“दोघींना सांगा,” मी म्हणाले. “कायद्याने गरज नाही. पण सांगा.”

“सुमन नको म्हणंल. आन् लेक रुसली तर माझ्या मातीला बी यायची न्हाई.”

“तुम्ही गेल्यावर कळलं तर ती सुनेवर रुसेल. आत्ता रुसली तर समजूत काढायला तुम्ही आहात.”

पुढच्या आठवड्यात तिघी आल्या. लेक जाफराबादला दिलेली, पहाटेची एसटी धरून आलेली. मी मसुदा वाचून दाखवला. पहिल्यांदा सुमन बोलली.

“मला नको, मॅडम. ताईंचं माहेर हाये ते. लोक म्हणतील, सुनेनं म्हातारीला गुंडाळलं.”

“लोकांचं सोड, वहिनी,” लेक म्हणाली. “तू तिथं नसली तर म्या माहेराला येऊन कुणाला भेटू? कुलपाला?”

“तसं न्हाई, ताई.”

“कसं मंग? दादा गेल्यावर तुझ्या भावानं जीप आणली व्हती तुला न्यायला. तू बसली का? आईचं दुखणंखुपणं तू काढलं. म्या दिवाळीला येती, आयतं खाती, आन् पिशवी भरून घेऊन जाती.”

“पिशवी तर चांगली भरती,” गयाबाई म्हणाल्या.

तिघी हसल्या. मग गयाबाईंनी हाक मारली, “रेखा.”

लेकीने मान वर केली.

“तू न्हाई. ती.”

सुमनला कळायला वेळ लागला. “मला म्हणून राह्यलात का, आत्या?”

“तुलाच. नाव तुझंच हाये ना?”

“कोण म्हणतंय आता. मायबाप होते तवर म्हणायचे.”

“बदलू का, म्हणून म्या तुला एकदा बी इचारलं न्हाई.”

“चालतंय की. सुमन बी बराबर बसलंय आता.” एवढं म्हणून तिने पदर डोळ्याला लावला. गयाबाईंनी तिचा हात मांडीवर ओढून घेतला आणि तसाच धरून ठेवला. मी कॉम्प्युटरकडे वळले. अशा वेळी वकिलाने टायपिंग करावं.

‘माझी सून सुमन उर्फ रेखा’ असं मी लिहीत होते. गयाबाईंनी थांबवलं.

“रेखा आधी लिहा.”

तसं लिहिलं. माझा मयत मुलगा भगवान याची पत्नी रेखा, जिला घरात सुमन म्हणतात. लेकीला का वगळलं, तेही तिच्यासमोरच लिहिलं. डॉक्टरचा दाखला घेतला, शेजारचे दोन साक्षीदार बोलावले. मृत्युपत्र रजिस्टर करायलाच हवं असं नाही, पण मी करून घेते. नंतर शंका काढायला जागा कमी राहते.

गयाबाई त्यानंतर फार वर्षं नव्हत्या. ग्रामपंचायतीत नाव लावायला सुमन गेली तेव्हा लेक बरोबर होती. कोणी विचारायच्या आत तिने हरकत नसल्याचं लिहून दिलं. उतारा रेखाच्या नावावर झाला आहे. हॉटेल चालू आहे.

मृत्युपत्र कधी करावं, असं लोक मला विचारतात. धडधाकट असताना करावं. सांगावं कुणाला, हे मात्र कोणी विचारत नाही. ज्याला मिळणार आहे त्याला सांगावंच. ज्याला मिळणार नाही, त्याला आधी सांगावं.