न पाहिलेल्या वह्या

शाळेत कुणाला नाही, घरी नवऱ्यालाही नाही — हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आज तरी नीट सांगता येईल का, माहीत नाही.

मी मिरजगावजवळच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. शाळा बंद होत्या, त्या वर्षातली गोष्ट. सकाळी फोनवर तास घ्यायचा. चाळीसपैकी नऊ-दहा मुलं दिसायची, तीही अडकत अडकत. मग दिवसभर गृहपाठाचे फोटो. आडवे, अंधुक, कुणाचा अंगठाच मध्ये आलेला. डोळे चुरचुरायचे. आज पाहू, उद्या पाहू — असं किती दिवस केलं? वर्षच गेलं म्हणा.

शेवटी फोन भरला. काही केल्या चालेना. मी मुलांचे सगळे फोटो निवडले आणि पुसून टाकले. न पाहता.

थकले होते, हे खरं. पण थकलेलं माणूस तिथेच थांबलं असतं ना?

दहावीची परीक्षा रद्द झाली. शाळेच्या गुणांवर निकाल लागणार, असं ठरलं. मी काय केलं? ज्यांचे चेहरे आठवत होते, त्यांना चेहऱ्यावरून गुण दिले. कोमल त्याच वर्षी दुसऱ्या शाळेतून आलेली. तिला मी समोर कधी पाहिलंच नव्हतं. नाव वाचून काहीच आठवेना. 'गृहपाठ आलेला नाही' असं लिहिलं आणि वीसपैकी सहा दिले. शाळेतून तिच्या घरी तसा निरोप गेला.

दुसऱ्या दिवशी ती वडिलांबरोबर आली. मास्कच्या वर नुसते डोळे. वडील डेअरीवर दूध घालून तसेच आलेले. म्हणाले, "बाई, वस्तीवर रेंज न्हाई. पोरगी रोज टेकाडावर जाऊन धाडत हुती."

गुण अजून बदलता आले असते. पण कारण सांगावं लागलं असतं — आणि मुख्याध्यापक शेजारीच बसले होते. मी म्हणाले, "नेटवर्कमुळे पोचलं नसेल."

कोमलनं फोन पुढं केला. "पन बाई, डबल टिक दिसतीय. म्हंजी पोचलंय."

वडिलांनी तिचा हात खाली केला. "बाईंना खोटं पाडती व्हय? माफी माग."

तिनं मागितली. आणि मी — मी "असू दे" म्हणाले.

अकरावीला विज्ञान शाखेत तिचा नंबर थोडक्यात हुकला. ती आर्ट्सला गेली.

परवा केडगावात भेटली. औषधांच्या दुकानात कामाला आहे. मला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. मग अगदी सहज विचारलं, "बाई, तवा खरंच पोचलं न्हवतं का ओ?"

एवढ्या वर्षांनी कोण माझं काय करणार होतं? तरी मी म्हणाले, "नाही गं."

पोचलं होतं. तिचं सगळं पोचलं होतं.